व्रण हवा, पण किती दिवस?

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात तीसेक वर्षं दवाखाना चालवणारे एक डॉक्टर आणि पुण्यात जीवशास्त्रात पीएच.डी. करणारी त्यांची भाची. विषय दोघांचाही हृदय. पण डॉक्टरांकडे ते धापा टाकत दारात येतं, आणि भाचीकडे सूक्ष्मदर्शकाखाली असतं. दिवाळीच्या सुट्टीत भाची सोलापूरला आली आणि एका संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेल्यावर, दोघांची जुंपली. मी तिथेच बसलो होतो. नावं देऊ नका असं दोघांनीही बजावलंय, म्हणून ती देत नाही.

ठिणगी पडली ती टेबलावरच्या इको रिपोर्टवरून. पंचावन्नच्या आसपासचा यंत्रमाग कामगार. काही महिन्यांपूर्वी अटॅक येऊन गेलेला, आता पायाला सूज आणि रात्री आडवं झालं की दम.

भाची : मामा, यात डाव्या कप्प्याची पुढची भिंत पातळ झालीय आणि हलत नाही असं लिहिलंय. म्हणजे तेवढा सगळा व्रणच.

मामा : होय की. पंपिंग पंचवीस टक्के. पंचावन्न-साठ तरी पाहिजे. अटॅक आला रात्री, हा गॅस म्हणून सोडा पीत बसला आणि सकाळी रिक्षातून आला. तोवर स्नायू गेला तो गेलाच.

भाची : आणि गेला तो परत येत नाही, हीच तर खरी अडचण आहे. कातडी भरून येते, यकृत भरून येतं, पण हृदयाचा स्नायू जवळजवळ नाहीच. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी ते मोजलं. १९५०-६० च्या दशकांत हवेत अणुचाचण्या झाल्या, त्यातून हवेतला कार्बन-१४ वाढला आणि माणसांच्या डीएनएतही उतरला. त्यावरून पेशीचं वय काढता येतं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. मोठ्या अटॅकमध्ये अब्जाच्या घरात पेशी मरतात. हा हिशेब कसा जुळायचा?

मामा : अणुचाचण्यांचा एवढा तरी उपयोग झाला म्हणायचा. पण तू व्रण हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारतेस. माझ्या दृष्टीनं त्या व्रणानंच याला वाचवलंय. अटॅकनंतरचा पहिला आठवडा आठव. स्नायू मेलेला, कुजायला लागलेला, साफसफाई करणाऱ्या पेशी तो खाऊन टाकतायत आणि आत रक्ताचा दाब तसाच. नवी भर पडली नाही तर भिंत फाटते. मी पाहिलंय. चौथ्या दिवशी पेशंट उठून बसला, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला. फाटलेल्या कापडाला रफू केला तर कुणी रफूवर रागावतं का?

भाची : रफू करणारा काम झालं की सुई ठेवतो. इथे सुई थांबत नाही, माझं भांडण तिथे आहे. तुम्ही सांगितलेल्या त्या पहिल्या आठवड्यात काय होतं बघा. हृदयात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. एरवी त्या गप्प असतात, स्नायूंमधली जाळी राखत बसतात. जखम झाली की त्यांना निरोप जातो. तो निरोप म्हणजेच ग्रोथ फॅक्टर. असे अनेक आहेत, पण मुकादम एकच, टीजीएफ-बीटा. अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर मूळ काम केलं, आणि तेही कॅन्सरच्या अभ्यासातून. हा निरोप मिळाला की फायब्रोब्लास्टचं रूप पालटतं. तिच्या अंगात आकुंचन पावणारे धागे येतात आणि ती कोलॅजन ओतायला लागते. अशी पालटलेली पेशी जखमेत पहिल्यांदा ओळखली गाब्बियानी यांनी, १९७१ मध्ये.

मामा : आणि ती पेशी कडा आवळून धरते, म्हणून भिंत टिकते. मी वेगळं काय म्हणतोय?

भाची : पुढचं ऐका ना. टीजीएफ-बीटा तयार होतो तो कुलूप लावलेला. वर एक वेष्टण असतं आणि तसाच तो पेशींबाहेरच्या जाळीत अडकवून ठेवलेला असतो. कुलूप उघडायच्या वाटा बऱ्याच आहेत, त्यातली एक म्हणजे ताण. जाळी जितकी कडक, तितकी ओढ जास्त, आणि ओढ बसली की वेष्टण सैल होऊन निरोप सुटतो. निरोप सुटला की आणखी कोलॅजन, आणखी कोलॅजन म्हणजे जाळी आणखी कडक. मेलेल्या भागात व्रण झाला, तो हवाच होता, कबूल. पण हा फेरा शेजारच्या जिवंत स्नायूतही शिरतो. तिथे कुणी मेलेलं नाही, भरायला काही नाही, तरी भर पडत राहते. तुमच्या या पेशंटचं पंपिंग सगळं अटॅकच्या रात्रीच गेलं असेल असं मला वाटत नाही. काही भाग नंतरच्या महिन्यांत गेला असणार.

यावर डॉक्टर क्षणभर काही बोलले नाहीत. त्यांनी फाइलमधला जुना इको काढला. अटॅकनंतर लगेच केलेला, त्यात पंपिंग अडतीस टक्के होतं.

मामा : हे तू बरोबर बोललीस. अडतीसचं पंचवीस झालंय. पण मग करायचं काय? टीजीएफ-बीटाच बंद करायचा?

भाची : सरसकट नाही.

मामा : नाहीच जमणार. उंदरांवर करून पाहिलंय की. अटॅकनंतर सुरुवातीलाच तो अडवला तर जास्त उंदीर मेले. ज्या उंदरांत टीजीएफ-बीटा-१ चं जनुकच काढून टाकलं, ते जन्मल्यावर काही आठवड्यांत सगळ्या अंगाला दाह होऊन गेले. त्याच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवर तो निरोप घेणाऱ्या रिसेप्टरला, अडवणारी औषधं दिली तर हृदयाच्या झडपा खराब झाल्या. ज्या निरोपावर अर्धं शरीर चालतं तो हृदयापुरता बंद करायला निघालात तुम्ही.

मी डॉक्टरांकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. दवाखान्यात बसून हे सगळं वाचतात हे मला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रांत 'हृदय पुन्हा तरुण करणारं प्रथिन सापडलं' अशा बातम्या येतात, त्यांत ही बाजू सहसा नसते. एकच रेणू पहिल्या आठवड्यात जीव वाचवतो आणि सहाव्या महिन्यात जीव घेतो, हे मथळ्यात बसत नाही.

भाची : म्हणून तर सगळा प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे. कधी अडवायचा आणि कोणत्या पेशीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींनाच शिकवलं, की फक्त पालटलेले फायब्रोब्लास्ट ओळखायचे आणि मारायचे. व्रणाची भर कमी झाली, हृदयाचं काम सुधारलं.

मामा : उंदरांचं.

भाची : हो, उंदरांचं. तुम्ही 'उंदरांचं' म्हणता तेव्हा तोंड असं करता जशी मी उंदीर घेऊनच आलेय.

मामा : अगं, राग कशाला येतो? माझ्या दारात उंदीर येत नाहीत, येतात ती माणसं, म्हणून विचारलं. काल एक बाई आल्या, विड्या वळणाऱ्या. पंधरा वर्षं बीपी आहे, गोळी आठवली तर घेतात. त्यांचं पंपिंग साठ टक्के, अगदी नॉर्मल, आणि तरी जिना चढवत नाही. अटॅक कधी आलाच नाही. मेलेला भाग नाही, म्हणजे माझा तो रफूही नाही. तिथे काय सांगशील?

भाची : तिथे तर माझी बाजू आणखी पक्की होते, मामा. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की भिंतीवर ताण. ताण म्हणजे अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक वाढतं, कुलूप उघडतं आणि कोलॅजन थेंबाथेंबानं सगळीकडे पसरतं. आकुंचन चांगलं राहतं, पण हृदय सैल पडायचं ते पडत नाही, म्हणून नीट भरत नाही. भरलं नाही तर फुप्फुसात पाणी साचतं. साखरेच्या आजारातही हेच. अशा व्रणाला तुम्ही जीव वाचवणारा म्हणणार का?

मामा : नाही म्हणणार. तो व्रण नुसता त्रास आहे.

इतका सरळ कबुलीजबाब मिळेल असं भाचीला वाटलं नसावं. पण डॉक्टरांनी तो दिला तो पुढच्या मुद्द्यावर पकड घेण्यासाठी.

मामा : पण आता तूच म्हणालीस अँजिओटेन्सिन. बरोबर? ते वाढलं की टीजीएफ-बीटा वाढतो. मग मी या माणसाला काय देत होतो? रॅमिप्रिल. ते काय करतं? अँजिओटेन्सिन कमी करतं. त्याच घराण्यातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या एका घोणसासारख्या सापाच्या विषावर अभ्यास झाला, त्यातून ती निघाली आणि १९८१ मध्ये बाजारात आली. सोबत देतो स्पायरोनोलॅक्टोन, पंचवीस मिलिग्रॅमची. ती अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवते, आणि अल्डोस्टेरॉनही कोलॅजन वाढवतंच. १९९९ मध्ये १,६६३ रुग्णांवर चाचणी झाली, सगळे गंभीर हार्ट फेल्युअरचे. मृत्यू तीस टक्क्यांनी कमी. नंतर त्यातल्याच काही रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा कळलं, की कोलॅजन तयार होत असल्याची खूण ज्यांच्या रक्तात जास्त होती, त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे तुमच्या ग्रोथ फॅक्टरवरचं औषध माझ्या टेबलाच्या खणात कधीचं पडून आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळतं. फक्त त्याला कुणी ग्रोथ फॅक्टरचं औषध म्हणत नाही.

भाची : या गोळ्या मुख्य वाहिनीवरचा नळ थोडासा आवळतात. मला शेवटच्या टोकाशी काय होतं ते कळायला हवंय.

मामा : थोडासा का असेना, आवळतात. टोकाशी जाऊन तुम्ही लोकांनी आजवर काय मिळवलं ते पण सांग की. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर दिला, एफजीएफ-२ दिला. २००२-०३ मध्ये निकाल आले. ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं तेही तेवढेच सुधारले. मग मूळपेशींनी हृदय भरून येतं म्हणून सगळीकडे डंका. २०१८ मध्ये हार्वर्डनंच त्यातल्या प्रमुख संशोधकाचे एकतीस शोधनिबंध मागे घ्या म्हणून सांगितलं. त्या डंक्याच्या दिवसांत जमीन विकून मूळपेशी घ्यायच्या का, असं विचारायला आलेले लोक मी पाहिलेत.

हा वार वर्मी होता. पण भाचीनं उत्तर दिलं ते मला या वादातलं सगळ्यात नेमकं वाटलं.

भाची : ग्रोथ फॅक्टर टोचून हृदय बरं झालं नाही, मान्य. पण ग्रोथ फॅक्टर अडवल्यावर हृदय बिघडतं हे तुम्ही स्वतः पाहिलंय. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब. ते एचईआर-२ नावाच्या ग्राहकाला अडवतं आणि गाठ आटोक्यात येते. पण त्याच ग्राहकावरून न्यूरेग्युलिन नावाचा ग्रोथ फॅक्टर हृदयाच्या स्नायूपेशींना जगवत असतो. २००१ च्या चाचणीत अँथ्रासायक्लिनबरोबर हे औषध घेतलेल्या बायकांत साधारण चौघींत एकीच्या हृदयावर परिणाम झाला. म्हणून आज ते सुरू असताना ठरावीक अंतरानं इको करतात. हे कुणा उंदराचं नाही. माणसांचं आहे. ग्रोथ फॅक्टरला हृदयात काम नाही असं कसं म्हणता येईल?

मामा : काम नाही असं मी म्हटलंच नाही. काम इतकं आहे की हात लावायला भीती वाटते, असं म्हणतोय.

भाची : मग पुण्याचं ऐका. आघारकर संशोधन संस्था.

मामा : ती गहू-सोयाबीनवाली? बार्शीकडचे शेतकरी एमएसीएसचं बियाणं म्हणतात ती?

भाची : तीच. १९४६ पासूनची संस्था आहे, नुसतं बियाणं नाही करत. तिथे चिन्मय पात्रा यांचा गट झेब्राफिशवर काम करतो. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर निळे पट्टे. मूळचा आपल्याच उपखंडातला, हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांच्या पुस्तकात नोंदवलेला. याच्या हृदयाला दोनच कप्पे. २००२ मध्ये अमेरिकेत त्यातल्या जवनिकेचा, म्हणजे रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा भाग कापून टाकला, दोन महिन्यांत परत आला. आता कापण्याऐवजी गोठवून जखम करतात, कारण ती अटॅकच्या जास्त जवळची. अति थंड केलेली बारीक सळई हृदयाला टेकवायची, तेवढा भाग मरतो. आणि मग, मामा, त्या माशातही व्रण होतो. कोलॅजनचाच. फरक एवढाच की त्याचा व्रण नंतर विरघळतो आणि त्या जागी स्नायू येतो.

मामा : विरघळतो?

भाची : विरघळतो. म्हणजे व्रण होणं आणि भरून येणं यांत वैर नाही, तुमचंच म्हणणं. पुण्याच्या गटानं २०२१ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकात लिहिलं ते सीसीएन-२-ए या घटकाबद्दल. जुनं नाव सीटीजीएफ. माणसात त्याची ओळख काय? टीजीएफ-बीटाचा उजवा हात, व्रण वाढवणारा खलनायक. माशात त्याचं जनुक बिघडवलं तर व्रण विरघळणं अडलं आणि स्नायू नीट भरून आला नाही. त्याचं प्रमाण वाढवलं तर भरपाईला वेग आला. ज्याला आपण गुन्हेगार म्हणून पकडलंय तोच तिथे दुरुस्ती करतोय. मग दोष त्या घटकाचा, की तो आपल्या हृदयात कुणाशी आणि कधी बोलतो याचा? हे शोधायला मला मासाच लागणार.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला त्यांचं हे लक्षण ठाऊक आहे. पटलंय, पण हार मानायची नाही.

मामा : मासा आयुष्यभर वाढतो, थंड रक्ताचा आहे, त्याच्या हृदयावर आपल्याएवढा दाब नाही. तो व्रण विरघळवायची चैन करू शकतो. आपण केली तर भिंत फाटेल.

भाची : उंदराचं पिल्लू गरम रक्ताचं असतं. २०११ मध्ये डॅलसला दाखवलं, पहिल्या दिवशी जखम केली तर त्याचं हृदय भरून येतं, सातव्या दिवशी केली तर व्रण राहतो. आठवड्याभरात काहीतरी बंद होतं. ते काय, एवढंच विचारतेय.

मामा : विचार की. पण हा माणूस उद्या सकाळी काय करेल?

भाची : आणि तुमची स्पायरोनोलॅक्टोन? अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं १९५३ मध्ये. ते काढणाऱ्यांना कुणी विचारलं असतं, की उद्या सकाळी पेशंट काय करेल, तर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. तिथपासून १९९९ च्या चाचणीपर्यंत सेहेचाळीस वर्षं गेली. तुम्ही आज जी गोळी ठामपणे लिहून देता ती अशाच बिनकामाच्या वाटणाऱ्या लोकांनी काढलीय.

मामा : हे मानलं. आता माझं एक मान. तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांनी २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरच्या बाराशेवर रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय एकसष्ट, पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी. वर्षभरात शंभरातले तीसेक गेले. आणि ज्यांचं पंपिंग कमी होतं त्यांच्यातल्या साधारण चौथ्या भागालाच घरी जाताना सगळ्या योग्य गोळ्या मिळाल्या होत्या. केरळात, बाई, जिथे आरोग्यव्यवस्था चांगली म्हणतात. तुझा मासा चाळीस वर्षांनी गोळी देईल. ती गोळी लिहून न देणारे डॉक्टर आणि लिहिली तर बंद करणारे पेशंट, दोघेही तेव्हा असतीलच. त्यावर पीएच.डी. करायला कुणी येत नाही. या इकोवाल्या कामगारानंही गोळी बंदच केली.

भाची : याने का बंद केली?

मामा : दुसरं काय असणार? पहिल्या महिन्यात सूज उतरली, धाप थांबली. मग 'बरं वाटतंय की' म्हणून आधी स्पायरोनोलॅक्टोन सोडली, मग रॅमिप्रिल. लघवीची गोळी तेवढी ठेवली, कारण तिचा गुण डोळ्यांना दिसतो. व्रण वाढवणारा निरोप दिसत नाही, तो थांबवणाऱ्या गोळीचा गुणही दिसत नाही. अडतीसचे पंचवीस झाले ते असे.

इथे दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, असं मला वाटतं, पण दोघांनीही ते कबूल केलं नाही. भाचीचा आग्रह कायम होता, की त्या माणसाच्या हृदयात गोळी सोडल्यावर नेमक्या कोणत्या पेशी पुन्हा जाग्या झाल्या हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं, ते कळायच्या आधी त्याला गोळी परत सुरू करायला लावलं पाहिजे. माझं मत विचाराल तर आज रात्रीपुरतं डॉक्टरांचं बरोबर आहे. पण डॉक्टर ज्या चाचणीच्या जोरावर बोलत होते ती भाचीसारख्यांच्या हट्टातूनच आली, आणि पुण्यात ज्या प्रयोगशाळेत मासे पोहतायत तिला पैसा देणं ही चैन नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी मला निघताना मुद्दाम लिहायला सांगितली, ती लिहितो. घरात कुणाचं पंपिंग कमी निघालं असेल तर पायाची सूज उतरली म्हणून गोळ्या सोडू देऊ नका. उतरतं ते पाणी, व्रणाची भर आत चालू राहू शकते. या गोळ्यांचा डोस हळूहळू वाढवायचा असतो, म्हणून सांगितलेल्या तारखेला दाखवायला जा आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते जास्तच महत्त्वाचं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांचीही पेटंटची मुदत संपली आहे, त्या आता अनेक कंपन्या बनवतात आणि किमती उतरल्यात. चक्कर येते, खोकला सुटतो, खर्च पेलत नाही, असं काहीही असेल तर ते डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, स्वस्त कंपनीची लिहून घेता येते. न सांगता बंद तेवढी करू नका.